मुखपृष्ठ कोणाला 'या' म्हणते?

लग्नसराईत घरी पत्रिका येऊ लागल्या की आपल्याकडची जाणती माणसे आतला मजकूर वाचण्याआधीच सांगून मोकळी होतात, "ही अमक्यांकडची दिसते!" कागद जाड की पातळ, गणपती सोनेरी की लाल, अक्षर वळणदार की सरळसोट, 'आमचे येथे श्रीकृपेंकरून' हा जुना मायना की नव्या चालीचा मजकूर, एवढ्यावरून यजमानांचे गाव, पेशा, ऐपत आणि हौस यांचा बिनचूक अंदाज बांधता येतो. मजकूर बहुतेक पत्रिकांत सारखाच असतो. बोलावणे कोणाला आहे, हे सांगते ते पत्रिकेचे रूप.

नियतकालिकांचेही असेच असते आणि संगीताच्या नियतकालिकांत तर ही गोष्ट अगदी उघड्यावर येते. कागदाला आवाज नाही. गाण्याविषयीचे पत्र विकायला काढणाऱ्याला तो आवाज अक्षरांच्या जाडीतून, रंगांतून आणि छायाचित्रांतून 'ऐकवावा' लागतो. इतकेच नव्हे, तर तो आवाज ऐकणारा माणूस कसा आहे, काय पेहरतो, काय बोलतो, हेही त्याच पानावर रेखाटावे लागते. स्टॉलपुढून जाणाऱ्याने थबकून म्हटले पाहिजे, "अरे, हे तर माझेच पत्र!"

हे पाहायचे तर ब्रिटनसारखा देश नाही. देश लहान, लंडनमध्ये छापलेले साप्ताहिक साऱ्या देशभर पोचते. शिवाय तिथल्या नभोवाणीने तरुणांच्या गाण्याबजावण्याला फार दिवस हात आखडूनच वेळ दिला. बीबीसीचे त्यासाठीचे स्वतंत्र 'रेडिओ वन' केंद्र ३० सप्टेंबर १९६७ रोजी सुरू झाले. तोवर आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, आडगावातल्या पोराला त्या जगात डोकवायला खिडकी एकच : आठवड्याचे संगीतपत्र.

वाजवणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे

पहिला मान 'मेलडी मेकर'चा. हे पत्र १९२६ साली निघाले ते नृत्यगृहांत वाद्यवृंदात वाजवून पोट भरणाऱ्या मंडळींसाठी. म्हणून त्याचे रूपही धंद्याच्या पत्राचे : बारीक टाइपाचे भरगच्च रकाने, सॅक्सोफोन आणि ढोल विकणाऱ्यांच्या जाहिराती, आणि 'वादक पाहिजे' छापाच्या छोट्या जाहिराती. ज्याला वाद्य धरता येत नाही त्याला तिथे पाहुण्यासारखेच बसावे लागे. १९५० नंतर रॉक अँड रोल आले तेव्हा या पत्रातल्या जाणकारांनी नाके मुरडली, यात नवल नाही.

पण त्या छोट्या जाहिरातींना कमी लेखू नका. १९७० साली स्टीव्ह हॅकेट नावाच्या तरुण गिटारवादकाने आपल्याला साथीदार हवेत अशी जाहिरात 'मेलडी मेकर'मध्ये दिली. ती वाचून पीटर गॅब्रिएलने त्याला गाठले आणि हॅकेट 'जेनेसिस' या वाद्यवृंदात दाखल झाला. आपल्याकडे वधूवरसूचक मंडळे जे काम करतात, तेच काम ती बारीक टाइपाची पाने करीत होती.

१९५२ च्या मार्चमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' निघाले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरच्या अंकात त्यांनी एक साधीशी युक्ती केली. रेकॉर्डच्या दुकानांना दूरध्वनी करून कोणत्या तबकड्या सर्वांत जास्त खपल्या ते विचारले आणि क्रमांकवार यादी छापली. पहिला क्रमांक मिळाला अल मार्टिनो या अमेरिकन गायकाला. पानाच्या मांडणीच्या दृष्टीने पाहिले तर ही काय, एक चौकट आणि काही आकडे! पण या चौकटीने वाचकच बदलला. 'मेलडी मेकर' वादकाला बोलावीत होते. या यादीने पैसे खर्चून तबकडी विकत घेणाऱ्या पोरापोरींना बोलावले. आपण शनिवारी घेतलेली तबकडी यादीत किती वर चढली, हे पाहण्याचा नाद देशाला लागला. बीटल्सच्या भरात, १९६४ साली, या साप्ताहिकाचा खप तीन लाखांवर गेला होता.

ही दोन्ही पत्रे वर्तमानपत्री कागदावर छापली जात. वाचून झाल्यावर बोटे काळी होत, म्हणून लोक त्यांना 'शाईवाली' म्हणत. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ज्याची बोटे काळी, तो आपल्यातला, ही खूण आपोआपच ठरून गेली.

गबाळेपणाचे डौल

१९७६ च्या जुलैत मार्क पेरी नावाच्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या एका तरुणाने 'स्निफिन ग्लू' नावाचे चोपडे काढले. मजकूर टंकलेखन यंत्रावर बडवलेला, मथळे जाड पेनाने वेडेवाकडे खरडलेले, चुका तशाच ठेवलेल्या, पाने छायाप्रती काढून टाचलेली. आपल्या छापखान्यातल्या एखाद्या जुन्या मुद्रितशोधकाने पाहिले असते, तर त्याला घेरी आली असती.

पण त्या गबाळेपणातच सगळी मेख होती. त्या वर्षी पंक नावाचे नवे वारे सुटले होते. गायला गळा नको, वाजवायला तालीम नको, फक्त उर्मी हवी, असा त्याचा खाक्या. मग त्याचे पत्र गुळगुळीत कागदावर कसे शोभावे? ते चोपडे पाहणाऱ्या बेकार पोराला वाटे, 'हे तर मीही काढू शकेन!' हेच त्या मांडणीचे निमंत्रण होते आणि ते त्याला अचूक पोचले. १९७७ साली पेरीने आपले पत्र स्वतःच बंद केले आणि वाचकांना सांगितले की आता तुमचे तुम्ही काढा. देशभर अशी चोपडी उगवली.

मोठ्या पत्रांनाही जाग आली. त्याच १९७६ साली 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने तरुण लेखक हवेत म्हणून जाहिरात दिली आणि त्यातून ज्यूली बर्चिल आणि टोनी पार्सन्स ही दोघे आली. बर्चिल तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. वाचक बदलला की लिहिणारे हातही बदलावे लागतात, हे संपादकांनी ओळखले.

आमच्या घरातली परीक्षा

पुढची गोष्ट सांगण्याआधी मी केलेला एक प्रयोग सांगतो. मला जुनी मासिके गोळा करण्याचा नाद आहे. १९८० ते १९९० या काळातले चार निरनिराळे ब्रिटिश अंक मी एका रविवारी जेवणे झाल्यावर टेबलावर मांडले आणि घरातल्या बायकांना विचारले, "ही मासिके कोण वाचत असेल, सांगा पाहू!" आईला, वहिनीला किंवा कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला त्यांतले एकही नाव ठाऊक नव्हते.

पहिला अंक 'स्मॅश हिट्स'. पिवळ्या-गुलाबी रंगांची उधळण, मुखपृष्ठावर हसरा गोरा पोरगा. आई म्हणाली, "हा शाळेतल्या मुलींचा. दप्तरात लपवायचा."

दुसरा 'केरँग!'. नावाची अक्षरे तडकलेल्या काचेसारखी, पानावर इंचभरही मोकळी जागा नाही, चौकटीवर चौकट चढलेली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, हा अंक आहे की अपघात?"

तिसरा 'द फेस'. एकच चेहरा, थंड नजरेचा, आणि अक्षरे अशी की ती चित्रे की अक्षरे असा प्रश्न पडावा. पुतणी म्हणाली, "काका, हा वाचायचा नाही. हातात धरून हिंडायचा."

चौथा 'क्यू'. तांबड्या चौकोनात एक पांढरे अक्षर, बाकी सगळे नीटनेटके. यावर वहिनीचा निकाल : "हा तुमच्या वयाच्या, पगारदार माणसांचा."

चारही उत्तरे बरोबर! इंग्रजी संगीताचा गंध नसलेल्या तीन बायकांनी केवळ रंग-रूपावरून चार समाज ओळखले. याहून मोठा पुरावा मी कोणता देऊ?

आता एकेकाची हकिकत ऐका. 'स्मॅश हिट्स' १९७८ साली निक लोगनने काढले. हा गृहस्थ आधी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'चा संपादक होता. शाईवाल्या पत्रांतली लांबलचक, तत्त्वज्ञानाने जडावलेली परीक्षणे शाळकरी मुलांच्या कामाची नाहीत, हे त्याने हेरले. त्यांना हवे होते चकचकीत कागदावर आवडत्या गाण्याचे शब्द, म्हणजे आरशापुढे उभे राहून ते गाता येईल. आणि खोलीच्या भिंतीवर लावायला चित्र. त्याने तेच दिले. थोर समीक्षक त्याला पोरखेळ म्हणत. पण ज्या मुलींना शाईवाली पत्रे खिजगणतीतही धरीत नव्हती, त्यांना इथे पाटावर बसवले होते. मधल्या पानाची टाचणी उचकटून चित्र काढता येईल अशी सोय असणे, हीसुद्धा एक आदराची खूण असते.

त्याच लोगनने १९८० साली पदरची शिल्लक घालून 'द फेस' काढले. यात गाणे होते, तसे कपडे, केस, नाचघरे आणि रस्त्यावरची ऐट हेही होते. १९८१ पासून पाच वर्षे नेव्हिल ब्रोडी नावाचा मांडणीकार तिथे होता. त्याने स्वतः अक्षरे रेखाटली. अनुक्रमणिकेचा मथळा तर त्याने अंकागणिक थोडा थोडा मोडत नेला. शेवटी नुसत्या खुणा उरल्या, तरी वाचक त्या बरोबर वाचत! नेहमीच्या वाचकाला कळते आणि नवख्याला कळत नाही, अशी ही घरातली भाषा. १९८८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ब्रोडीच्या कामाचे प्रदर्शन भरवले. ज्या पोरांना कोणी कलेच्या दालनात बोलावले नव्हते, त्यांच्या मासिकाची पाने त्या दालनात जाऊन लागली.

'केरँग!' १९८१ च्या जूनमध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघाले. विजेच्या गिटारवर जोरात हात मारला की निघणारा आवाज, तेच नाव. हेव्ही मेटल हे संगीत बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या गावात वाढले. 'ब्लॅक सॅबथ' आणि 'जूडास प्रीस्ट' तिथलेच. त्याचे भक्त जाड कापडाच्या जाकिटावर आपल्या आवडत्या वाद्यवृंदांची ठिगळे शिवून मिरवत. 'केरँग!'चे पान नीट पाहिले तर ते त्या जाकिटासारखेच आहे : ठिगळाशेजारी ठिगळ, मधे जागा म्हणून नाही. वहिनीला जो अपघात वाटला, तो त्या पोरांना आपला पोशाख वाटत होता.

आणि 'क्यू'? तबकडी जाऊन कॉम्पॅक्ट डिस्क आली होती. १९८५ च्या जुलैत झालेल्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या जलशाने दाखवून दिले की विशी ओलांडलेल्या, तिशीतल्या माणसांनाही आपली जुनी गाणी हवी आहेत. डेव्हिड हेपवर्थ आणि मार्क एलन या दोघांनी १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये 'क्यू' काढले. पहिल्या मुखपृष्ठावर होता पॉल मॅकार्टनी. सुटसुटीत रकाने आणि परीक्षणांपुढे तारका; कामावरून घरी जाताना गाडीत बसून वाचावे आणि उतरताना कोणती डिस्क घ्यायची ते ठरवावे. गंमत अशी की या दोघांनीही पूर्वी 'स्मॅश हिट्स'चे संपादन केले होते. ज्या वाचकाला त्यांनी दप्तरात गाठले, त्यालाच पुढे त्याच्या कार्यालयीन बॅगेत गाठले!

ज्यांना पान वाढले नाही

या चारही अंकांवर बायकांचे शिक्कामोर्तब झाल्यावर आई सहज म्हणाली, "पण काय रे, यात आपल्यासारखं तोंड एकही नाही का?"

मी गप्प झालो, कारण प्रश्न मर्मावर होता. मुखपृष्ठ ज्याला 'या' म्हणते, ते न छापलेल्या माणसाला आपोआपच 'तुम्ही नव्हे' असेही म्हणते. ब्रिटनमधल्या या धंद्यात एक समज वर्षानुवर्षे मुरलेला होता : मुखपृष्ठावर काळा चेहरा छापला की खप उतरतो. ज्या रॉक संगीतावर ही पत्रे जगत होती, त्याचे मूळच अमेरिकेतल्या काळ्या गायकवादकांचे. तरी ही तऱ्हा! १९८० नंतरच्या दशकात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'च्या कचेरीतच यावरून दोन तट पडले. हिप-हॉपला किती जागा द्यायची, हा वाद होता. १९८७ आणि १९८८ या दोन्ही वर्षी त्या साप्ताहिकाने वर्षातली सर्वोत्तम ठरवलेली ध्वनिमुद्रिका 'पब्लिक एनिमी' या काळ्या वाद्यवृंदाची होती. गुणांची कदर होती; प्रश्न होता दर्शनी ओटीवर कोणाला बसवायचे हाच.

अमेरिकेत यावर निराळा उपाय निघाला. तिथे १९८८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हिप-हॉपसाठी 'द सोर्स' हे छोटे पत्रक सुरू केले आणि त्याचे मोठे मासिक झाले. १९९३ साली नामवंत संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या पुढाकाराने 'व्हाइब' निघाले. त्यात काळ्या गायकांची छायाचित्रे मोठी, निवांत, भरपूर उजेडात घेतलेली, एखाद्या भारी फॅशन मासिकाच्या थाटात छापली जात. बोलावणे येईना, तेव्हा त्यांनी आपला मांडव घातला आणि तोही झकास सजवला.

आता आपल्या लोकांकडे वळू. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या आशियाई लोकांपैकी पंचवीस हजारांहून अधिक ब्रिटनमध्ये आले. त्यांच्यातल्या आणि आधी आलेल्या कितीतरी गुजराती कुटुंबांनी कोपऱ्यावरची वर्तमानपत्रांची दुकाने चालवायला घेतली. म्हणजे पाहा, भल्या पहाटे संगीतपत्रांचे गठ्ठे सोडून फळीवर मांडणारे हात आपल्या लोकांचे, आणि त्या फळीवरच्या चेहऱ्यांत आपला चेहरा नाही! दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर बसून ते अंक फुकट वाचत असेल, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल?

त्याचे उत्तर एका वाद्यवृंदाच्या नावातच मिळते. तजिंदर सिंग या तरुणाने आपल्या वाद्यवृंदाचे नाव ठेवले 'कॉर्नरशॉप', म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान. आशियाई माणूस म्हटला की गोऱ्यांना जे आठवे, तेच त्याने उचलून पाटीवर लावले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका जलशात मॉरिसी या लोकप्रिय गायकाने ब्रिटिश झेंडा फडकावला. त्या काळी हा झेंडा परकीयांच्या द्वेष्ट्यांनी आपलासा केला होता. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने ते छायाचित्र मुखपृष्ठावर छापून याचा अर्थ काय, असा प्रश्न पानेच्या पाने विचारला. 'कॉर्नरशॉप'ने तर निषेध म्हणून त्या गायकाची चित्रे जाळली. मुखपृष्ठ हा केवळ सजावटीचा मामला नाही, हे त्या उन्हाळ्यात पुष्कळांना उमगले.

आणि मग आली ती गोष्ट, जी ऐकून आईच्या चेहऱ्यावर हसू फुटले. १९९७ साली याच 'कॉर्नरशॉप'ने 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे काढले. ही आशा म्हणजे आपल्या सांगलीच्या मातीतली, मास्टर दीनानाथांची कन्या आशा भोसले! आपल्या चित्रपटांतल्या पार्श्वगायिका आणि घरात वाजणाऱ्या छोट्या तबकड्या यांचे ते कौतुक होते. नॉर्मन कुकने त्याचे नवे रूप केले आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९५२ साली दुकानांना दूरध्वनी करून जी यादी सुरू झाली, तिचीच ही परंपरा. दुकानातल्या फळीवर ज्याला जागा नव्हती, तो दुकानाचेच नाव घेऊन शेवटी यादीच्या माथ्यावर बसला.

आता फळीच रिकामी

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. २००० च्या डिसेंबरात 'मेलडी मेकर' बंद होऊन 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मध्ये विलीन झाले. २००६ साली 'स्मॅश हिट्स' मिटले. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' २०१५ साली फुकट वाटले जाऊ लागले आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या छापील साप्ताहिकाचा शेवट झाला. २०२० साली 'क्यू'नेही निरोप घेतला. कारण सर्वांना ठाऊक आहे. गाणे, गाण्याचे शब्द, गायकाचे चित्र आणि त्याची बातमी हे सगळे खिशातल्या फोनमध्ये आले. जाहिरातीही तिकडेच गेल्या.

यात फायदा पुष्कळ आहे. कोणाचा चेहरा छापायचा, हे ठरवणारे चार साहेब आता वाटेत आडवे बसलेले नाहीत. दुकानदाराच्या मुलाला आपले गाणे स्वतःच जगापुढे ठेवता येते. पण एक गोष्ट हरवली, असे मला वाटते. फोनमध्ये मी काय ऐकतो, ते शेजारी बसलेल्याला कळत नाही. काखेत धरलेले मासिक मात्र सर्वांना दिसे. आडगावच्या स्थानकावर एका एकलकोंड्या मुलाच्या हातात 'केरँग!' असे, ते पाहून दुसरा तसाच मुलगा जवळ येई आणि दोस्ती जमे. फोन प्रत्येकाला त्याच्या आवडीचे ताट वेगळे वाढतो. पंगत काही बसवत नाही.

आणि बाहेर ठेवणेही त्याने सोडलेले नाही, फक्त ते आता दिसत नाही. मुखपृष्ठावर आपला चेहरा नाही, हे आईला एका दृष्टिक्षेपात कळले आणि तिने विचारले. फोनने आपल्याला काय दाखवले नाही, हे कोण कसे विचारणार?

तेव्हा वाचकहो, यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी अंकांची चळत पडली असेल, तर एक गंमत करा. आत उघडण्याआधी प्रत्येक मुखपृष्ठाकडे निरखून पाहा. यातले कोणते आजीला बोलावते, कोणते तुमच्या मुलाला, आणि कोणते घरी धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या शाळकरी मुलीला? तिच्यासाठी एकही सापडला नाही, तर संपादकाला तसे एक पत्र टाका. पत्ता आतल्या पानावर असतोच.